वीतभर मोकळी जागा

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. संगणकाची, पत्र्याची, मापं घेऊन मुद्दाम बनवलेली. लोक माझ्याकडे बोट दाखवून ‘हा सीपीयू’ म्हणायचे, पण ते खरं नाही. सीपीयू म्हणजे विचार करणारा तो छोटा चौकोनी तुकडा, आणि तो माझ्या पोटात असायचा. विचार करताना तो तापतो. मी स्वतः कधी विचार केला नाही, हिशोब केला नाही. मी फक्त तो ताप बाहेर जाऊ द्यायचे. एवढंच माझं काम, आणि ते आपल्या हातून चुकेल या भीतीत माझी सगळी वर्षं गेली.

ही भीती मी जन्माबरोबरच आणली. सुनंदाताईंनी मुंबईच्या एका रक्तपेढीत तीस वर्षं नोकरी केली होती. निवृत्त होऊन त्या वसईला राहायला आल्या आणि त्यांनी घरातूनच एक यादी सुरू केली. विरारपासून नायगावपर्यंत ज्यांचा रक्तगट सहसा मिळत नाही अशा माणसांची नावं, पत्ते, फोन नंबर. कोणाला गरज पडली की ताईंच्या घरचा फोन वाजायचा. त्यांच्याकडे तेव्हा बाजारातून आणलेला संगणक होता. तो शिलाई मशीन आणि कपाट यांच्यामधल्या अरुंद फटीत कसाबसा बसवलेला. दोन हजार दोनच्या मे महिन्यात तो आतल्या आत तापून मेला आणि त्याच्याबरोबर सगळी यादी गेली. ताईंनी दारोदार फिरून ती पुन्हा जमवली. त्याला वर्ष लागलं.

“या वेळी पेटी मी सांगेन तशीच हवी,” असं म्हणत त्या कामणच्या एका शेडमध्ये आल्या. तिथे जूचंद्रचे बळीराम पत्र्याची कपाटं बनवायचे. ताईंनी आधी पुठ्ठ्याची पेटी करून आणली होती. रुंदी नऊ इंच, त्याहून एक सूत जास्त नाही. जागाच तेवढी होती. म्हणून त्यांनी मला उंच आणि खोल करायचं ठरवलं. थंड हवा पुढून, खालून येणार. ती आधी यादी जिच्यात राहते त्या हार्ड डिस्कवरून जाईल, मग त्या तापट तुकड्यावरून, आणि शेवटी मागून, वरून बाहेर पडेल. पट्ट्यांसारख्या रुंद वायरी वाटेत लोंबू नयेत म्हणून कडेला चिमटे. पुढच्या जाळीला धूळ अडवायला मच्छरदाणीचं कापड.

“ताई, एवढी भोकं पाडली तर पेटी कसली, चाळनी होईल,” बळीराम म्हणाले.

“होऊ दे. पण वारा एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर गेला पाहिजे. आतच घुटमळला तर काय उपयोग?”

बळीरामांनी दोन पंखे बसवले. ताईंनी माझ्या पुढच्या जाळीशी उदबत्ती धरली. धूर आत आला आणि पोटातच गरगर फिरत राहिला. दोन्ही पंखे वारा आतच ओढत होते. त्या वेळी पहिल्यांदा मला गुदमरणं म्हणजे काय ते कळलं. बळीरामांनी जीभ चावली आणि मागचा पंखा उलटा केला. मग धूर सरळ रेषेत मागून बाहेर पडला.

“आता श्वास घेते पोरगी,” ते म्हणाले. “पन ताई, मागं वीतभर जागा सोडा. भिंतीला चिकटवलीत तर माझी मेहनत पान्यात.”

माझं कौतुक खूप झालं. शेजारी येऊन विचारायचे, असली पेटी कुठे मिळते? ताईंचे यजमान श्रीरंगराव मोठ्या अभिमानाने मला दाखवायचे. फोन वाजला की ताई मला सुरू करायच्या, रक्तगट टाकायच्या, नावं पडद्यावर यायची, आणि कुठेतरी एक माणूस वाचायचा. त्यांतलं कोणीच मला कधी दिसलं नाही. मी मात्र प्रत्येक दुपारी कान देऊन असायचे. पंख्याचा आवाज जरा बदलला, एखादी पाल जाळीशी आली, की माझा जीव खाली-वर व्हायचा. बाई गं, आतला पंखा थांबला तर? मला तर ओरडताही येत नाही.

आणि मग दोन हजार चारचा मे उजाडला.

घराला रंग काढायचं ठरलं. ताई विरारला एका शिबिराला गेल्या होत्या. भिंती खरवडायला सुरुवात झाली तशी पांढरी धूळ घरभर उडाली. श्रीरंगराव धावत माझ्याकडे आले. “हिच्या जिवाचा तुकडा आहे हा, धूळ जायला नको,” असं पुटपुटत त्यांनी एक जुनी चादर घेतली, माझ्या मागे नीट खोचली, आणि मला आत ढकललं. भिंतीपर्यंत. त्यांचे हात मायेचे होते, हे मला कळत होतं. म्हणूनच मी जास्त घाबरले. रागाने कोणी काही केलं तर दुसरं कोणीतरी त्याला अडवतं. मायेने केलेल्या गोष्टीकडे कोण बघतं?

दुपारी दोनच्या सुमाराला, रंगारी जेवायला गेलेले असताना, ताई परतल्या. चपला काढतात तोच फोन वाजला.

“मी भावेश बोलतोय, नालासोपाऱ्याहून. माझी बहीण, सुरुची... बाळंतपण झालं, पण रक्त थांबत नाही. ओ निगेटिव्ह. दोनच बाटल्या मिळाल्यात. डॉक्टर म्हणतात, अजून लागेल.”

“दहा मिनिटं द्या. फोनजवळच थांबा.”

ताईंनी मला सुरू केलं. पुढची जाळी धुळीने भरलेली, मागे चादर. पंखे जीव तोडून फिरत होते, पण वारा येणार कुठून आणि जाणार कुठे? पोटातला ताप चढू लागला. यादी उघडली, ताईंनी रक्तगट टाकला, आणि माझ्यातला छोटा भोंगा वाजला. पडदा काळा झाला.

त्यांनी पुन्हा सुरू केलं. या वेळी यादी उघडायच्या आतच सगळं बंद पडलं. तिसऱ्या वेळी तर मिनिटभरही नाही. माझा पत्रा हात लावता येणार नाही इतका तापला होता. मला दिसत होतं, त्या हार्ड डिस्कवर बाराशे नावं होती आणि तीही माझ्याबरोबर भाजत होती. आधीची पेटी अशीच मेली असेल का, हीच एक धास्ती मला लागून राहिली होती.

ताईंनी मागे हात घातला आणि चादर ओढून काढली.

“हे कोणी कोंबलं?”

“मी,” श्रीरंगराव म्हणाले. “धूळ जाऊ नये म्हणून...”

ताईंनी चादर बाजूला फेकली. त्यांनी मला खेचून खोलीच्या मध्यावर आणलं, बाजूचा पत्रा उघडला. श्रीरंगराव टेबलफॅन घेऊन आले, तो समोर लावला, आणि तेवढ्यावर न थांबता गुडघ्यांवर बसून वर्तमानपत्राने वारा घालू लागले. त्यांच्या कपाळावरचा घाम चष्म्यावर टपकत होता.

“लाव ना आता,” ते म्हणाले.

“नाही. अजून गरम आहे. आता गडबड केली तर यादीच जाईल.”

मित्रांनो, ती सहा मिनिटं मी कधीच विसरणार नाही. घड्याळाची टिकटिक आणि वर्तमानपत्राची फडफड, याखेरीज घरात आवाज नव्हता. मध्येच फोन वाजला. भावेशच होता. “ताई, मिळालं का?” ताई म्हणाल्या, “शोधतेय, बाळा.” फोन ठेवून त्यांनी माझ्या पत्र्याला हात लावून पाहिला.

मग त्यांनी बटण दाबलं. मी थरथरत उभी राहिले. यादी उघडली. ताई भराभर नावं वाचू लागल्या, श्रीरंगराव त्याच वर्तमानपत्राच्या कडेला नंबर लिहू लागले. पाच नावं झाली आणि हार्ड डिस्कमधून कट्-कट् आवाज आला. सहावं नाव अर्धवटच राहिलं.

पहिला फोन कोणी उचलला नाही. दुसरे गृहस्थ गावाला गेलेले. तिसरा नंबर बंद. चौथा वसईजवळच्याच होळी गावच्या प्लासिड यांचा. त्यांच्या बायकोने फोन घेतला आणि तशीच वाडीत धावली. केळीला पाणी देत होते प्लासिड. मळलेल्या पायांनीच ते स्कूटरवर बसले आणि रक्तपेढीत पोचले. पाचव्या नावाच्या बाईही ऑफिसमधून निघाल्या.

संध्याकाळी भावेशचा फोन आला. सुरुची शुद्धीवर आली होती. बाळाला जवळ घ्यायला मागत होती.

ताईंनी फोन ठेवला आणि त्या दुपारपासून पहिल्यांदाच खाली बसल्या. श्रीरंगराव दारातच उभे होते. “मी काय करून बसलो होतो, सुनंदा,” ते म्हणाले.

“अहो, तुमची चूक नाही,” ताई म्हणाल्या. “वारा कुठून येतो, कुठून जातो, हे मी बळीरामदादांना सूतासुतानं समजावलं. याच घरात राहणाऱ्या माणसाला मात्र कधी सांगितलंच नाही. इकडे या, दाखवते.”

हार्ड डिस्क वाचली नाही. उरलेली नावं जुन्या वह्या आणि ओळखीपाळखी यांतून पुन्हा गोळा करावी लागली. या वेळी यादी कागदावरही ठेवली गेली. मी आणखी पाच वर्षं काम केलं. मग नवा, चपटा संगणक आला आणि मी माळ्यावर गेले. आता माझं पोट रिकामं आहे, जाळीवर धूळ साचली आहे, आणि खाली भंगारवाल्याची हाक ऐकू आली की मी अजूनही दचकते.

मित्रांनो, तुमच्या घरातलं यंत्र तापलं तर ते तुम्हाला सांगू शकत नाही. त्याच्या मागे जागा सोडा, त्याची धूळ पुसा. पण एवढं करून थांबू नका. तुम्ही घरात नसताना त्याच्याजवळ जो माणूस असेल, त्यालाही शेजारी बसवून सगळं समजावून सांगा. तो त्याची काळजीच घ्यायला जाणार आहे.