फाटक्या कोपऱ्याची चिठ्ठी

तुम्ही आमची बारव मुद्दाम नासकी ठेवलीत, साहेब. चुना संपला नव्हता. गाडी मोडली नव्हती. बारा बारवांना पुरेल एवढी चुन्याची पोती सोलापुरात तुमच्या आरोग्य खात्याच्या कचेरीच्या पडवीत मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. सहा बारवांत चुना टाकलात आणि सहा तशाच सोडल्यात, कारण न टाकल्यानं काय होतं ते तुम्हाला बघायचं होतं. काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं. आमच्या वाडीत दर चौथ्या घरात एक माणूस लंगडतं आहे. विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.

मी सोमलिंग. अक्कलकोटच्या रस्त्याला सोलापूरपासून दोन कोसांवर आमची खालची वाडी. शाळा तिसरीपर्यंत झाली. पुढचं गणित बाजारातल्या रद्दीत मिळालेल्या पुस्तकांवर शिकलो, काहींची तर शेवटची पानंही नव्हती. कापसाच्या प्रेसात वजनं लिहितो. इंग्रजी येत नाही. सरासरी काढता येते, आणि ती कुठं खोटं बोलते तेही कळतं.

नारू तुम्ही तक्त्यात पाहिलात. मी घरात पाहिला. आमच्या बारवेत पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर भरायची, ही बापजाद्यांची रीत. ज्याच्या पायात नारू, त्याचा पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखा जळतो. पाण्यात बुडवला की गार वाटतं. तेवढ्यात किड्याची पिल्लं पाण्यात जातात. ते पाणी जो पितो त्याला वर्षभर काहीच होत नाही. तो हसतो, जेवतो, लग्न करतो. वर्षानं पायाला फोड येतो आणि त्यातून सुतासारखा पांढरा किडा डोकं काढतो. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. घाई केली आणि तुटला, तर पाय सडतो.

माझ्या बायकोचा, शांतम्माचा, तुटला. काडी बांधलेल्या पायानं ती ज्वारी काढायला गेली होती, कारण काढणी थांबत नाही. धाटाच्या खुंटात काडी अडकली. पाचव्या दिवशी धनुर्वातानं गेली. जबडा मिटलेला, त्यामुळे शेवटचं पाणीही तोंडात गेलं नाही. ते पाणी तरी कुठलं होतं म्हणा.

ती गेल्यानंतर भर दुपारी, बारवेवर कोणी नसताना, मला पायऱ्यांवर ओल्या पावलाची खूण दिसू लागली. एकाच पावलाची. उजव्या. दुसरं पाऊल कोरडं असणार, कारण जळतो तो एकच पाय, बुडवतात तो एकच पाय. वाडीत नारूवाले बावीस जण होते, त्यातलं कोणीही येऊन गेलं असेल, हे मला कळत होतं. तरी मी ती खूण वाळेपर्यंत तिथंच उभा राहायचो. चौथ्या पायरीवर ती सगळ्यात उशिरा वाळायची.

पस्तीस सालच्या वैशाखात तुम्ही मोटारीतून आलात. तुम्ही वाईट माणूस नव्हता, हे लिहिलं नाही तर मी लबाड ठरेन. चावडीवर लिहिता येणारा माणूस मागितलात, लोकांनी मला पुढं केलं. तुम्ही माझ्याबरोबर जमिनीवर बसलात, धुळीत बारा गोल काढलेत, शेजारच्या दोन-दोन वाड्यांच्या सहा जोड्या लावल्यात. चुन्यानं पाण्यातली नारूची पिल्लं मरतात का ते बघायला प्रत्येक जोडीतल्या एका बारवेत चुना, एकीत नाही. वर्षानं दोन्हीकडचे नारू मोजायचे. मी विचारलं, कुठल्या बारवेत टाकायचा ते कोण ठरवणार? तुम्ही म्हणालात, कोणीच नाही. पाटलानं ठरवलं तर तो आपल्या घरामागची बारव निवडेल. मी ठरवलं तर जिथं यश येईलसं वाटतं ती निवडेन. माणसाची निवड आली की आकडा खोटा झाला. म्हणून चिठ्ठ्या.

मला ते एकदम पटलं. इतकी वर्षं फाटक्या पुस्तकांशी झटापट केली, त्याविषयी कोणीतरी माझ्याशी बोललं असं वाटलं. तो आनंद आठवला की आज माझी मलाच किळस येते.

चिठ्ठ्या मी लिहिल्या. घड्या मी घातल्या. जोडीच्या दोन चिठ्ठ्या तुमच्या टोपीत टाकायच्या, मी तोंड फिरवून एक काढायची, निघेल त्या बारवेला चुना. पाच जोड्या झाल्या. सहावी आमची, वरची वाडी आणि खालची वाडी. वरची वाडी धनगरांची, आमची लिंगायतांची, मध्ये एक ओढा. आमच्या वाडीची चिठ्ठी वहीतून फाडताना तिचा कोपरा फाटला होता. टोपीत हात घातला आणि बोटांना पहिल्यांदा लागला तो फाटका कोपरा.

बोटांनी ओळखलं. मी ओळखलं. वाटलं, ही काढली तर मी निवड केली. साहेबानं माझ्यावर विश्वास टाकला आणि मी पाटलासारखा वागलो. म्हणून मी ती चिठ्ठी सोडली, शेजारची उचलली, आणि वर काढली. वरची वाडी.

तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. मला त्या दिवशी फार खरं माणूस झाल्यासारखं वाटलं. संध्याकाळी घरी आलो तर माझी नऊ वर्षांची पोर जगदेवी दारात घागर घेऊन उभी होती. म्हणाली, "अप्पा, आपल्याला चुना मिळाला का?" मी तिला चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली. फाटक्या कोपऱ्याची नाही सांगितली.

दुसऱ्या दिवशी वरच्या बारवेत चुना पडला, तिथल्या पाण्याला वास आला, आणि आठवड्याच्या आत धुळा आमच्या बारवेवर आला. धुळा म्हणजे वरच्या वाडीचा म्हातारा, बिरोबाची पूजा त्याच्याकडं. मागं चार बाया, डोक्यावर घागरी. मी आडवा गेलो. त्याला सांगितलं, तुमचं पाणी आता चांगलं झालंय, हे नासकं आहे, ह्यात नारू आहे.

धुळानं घोंगडं सावरलं. "सोमलिंगअण्णा, आमच्या बिरोबाला पानाचा इडा खायाचाय व्हय, चुना लावायला?"

बाया हसल्या. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

"देवाच्या आंगुळीला चुन्याचं पानी चालत न्हाय," तो म्हणाला. "तुमचं चालतंय. आणि देवाला कुटं नारू हुतो?"

"देवाला होत नाही. पण आंघोळीचं तीर्थ तुम्हीच पिता की."

"तीर्थ पिऊन मेलेला मानूस मी तर बगितला न्हाय. तुमी बगितला असंल तर लिवा तुमच्या वहीत."

सुरुवातीला देवापुरतं नेलं. मग जे देवाला चालतं ते आजाऱ्याला चांगलं, म्हणून आजाऱ्यांना. मग म्हाताऱ्यांना. पावसाळ्यापर्यंत वरची अर्धी वाडी ओढा ओलांडून आमचं पाणी प्यायला लागली. चुना टाकलेली बारव भरलेली, शांत, आणि तिच्याकडं कोणी फिरकत नव्हतं.

मोजणीचं काम तुम्ही माझ्याकडं दिलं होतंत. तक्त्यात रकाने होते: घर, माणसं, वय, नारू आहे-नाही, कुठल्या पायाला. कोणाची बारव कुठली आणि तो पाणी पितो कुठलं, असा रकाना नव्हता. म्हणून मी समासात लिहिलं. तांबड्या पेन्सिलीनं, रोजच्या रोज. आज वरून अकरा घागरी. आज सतरा. आज धुळाची सून दोनदा. वर्षभर एक दिवस चुकवला नाही. प्रेसातले लोक चेष्टा करायचे, सोमलिंग बायांच्या घागरी मोजतो, म्हातारपणी बरा छंद लागला. मी ऐकून घेतलं. मला वाटलं, साहेबाला हेच हवं असणार.

घरात मी धोतराच्या पांढऱ्या तुकड्याची चौपदरी घडी करून पाणी गाळत होतो, तुम्हीच सांगितल्याप्रमाणे. वाडीला सांगितलं, कोणी चार दिवस केलं, कोणी नाही. आणि बारवेवर पोरी ओंजळीनंच पितात. जगदेवीला बजावलं होतं. ती व्हय म्हणायची. नऊ वर्षांची पोर दुपारच्या उन्हात गार पाण्यात उभी आहे, मैत्रिणी पितायत, बाप प्रेसात आहे. तुम्हीच सांगा.

छत्तीसच्या वैशाखात मोजलं. वरच्या वाडीत आदल्या वर्षी वीस, आता तेवीस. आमच्याकडं आदल्या वर्षी बावीस, आता चोवीस. तक्ता सोलापुरात देऊन, भर उन्हात चालत परत आलो. वाडीत शिरायच्या आधी पाय आपोआप बारवेकडं वळले.

पायरीवर ओली खूण होती. एकाच पावलाची, उजव्या. मी सवयीनं उभा राहिलो, ती वाळायची वाट बघत. मग वाकून बघितलं. ते पाऊल माझ्या वितीएवढंही नव्हतं.

खाली शेवटच्या पायरीवर जगदेवी बसली होती. पाय पाण्यात. मला बघून तिनं पाय वर घेतला आणि परकराखाली लपवला. मी खाली उतरलो. शेजारी जाऊन बसलो. मग तीच म्हणाली.

"पंधरा दिस झालं, अप्पा. लई जळतंय."

"सांगितलं का नाहीस?"

"तुमी मोजत हुता. तुमच्याच घरात निघाला म्हनून लोक हसले असते की."

पंधरा दिवस. मी घरोघर जाऊन परकी पोरं ओट्यावर उभी करून त्यांचे पाय तपासत होतो, आणि ती घरात मोजे घातल्यासारखं फडकं गुंडाळून भाकरी थापत होती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कचेरीत आलो. म्हणालो, साहेब, चोवीस नाही, पंचवीस. तुम्ही म्हणालात, मोजणीची तारीख गेली. ते ठीक. मग मी विचारलं, समासातलं बघितलंत का? तुमच्या कारकुनानं तक्ता स्वच्छ कागदावर उतरवून घेतला होता. समास उतरला नव्हता. मी तोंडी सांगायला लागलो, घागरी, धुळा, तीर्थ. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "सोमलिंग, जे सगळीकडं सारखं मोजलेलं नाही, ते मी हिशेबात धरू शकत नाही."

श्रावणात निकाल आला. चार जोड्यांत चुन्याच्या बाजूला नारू कमी. एकीत बरोबरी. आमच्या जोडीत चुन्याच्या बाजूला वाढ थोडी जास्त. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो, असं तुम्ही लिहिलंत. म्हणून चुन्याचा गुण सिद्ध नाही. म्हणून राहिलेल्या बारवांना चुना नाही. आणखी एक वर्ष सगळं आहे तसं ठेवावं आणि पुन्हा मोजावं. आमच्या बारवेत परस्पर कोणी काही टाकू नये, नाहीतर तुलना बिघडेल, अशी चावडीवर नोटीसही लागली.

धुळाची सून नोटिशीच्या आधीच नारूनं गेली. तिच्या सासऱ्यानं मला ओढ्यावर गाठलं, माझ्याकडं न बघता विचारलं, "त्या वहीत तिचं नाव हाय न्हवं?" मी सांगितलं, आहे, दोनदा घागर नेली तिथं. तो मान हलवून गेला. आता तो स्वतःच्या बारवेचं पाणी पितो. देवाला अजून आमचंच.

जगदेवीचा नारू मी रोज ओढतो. सकाळी, तिचं पाऊल मांडीवर घेऊन, बोटभर. कधी त्याहून कमी. एक निघून गेला, हा दुसरा, गुडघ्याखालचा. आज आठ बोटं बाहेर आहे. ती मला गोष्ट सांगायला लावते म्हणजे हात हलत नाही. माझी बोटं आता शहाणी झाली आहेत, तसूभर हिसका देत नाहीत. पण काडी फिरवताना अजूनही त्यांना तो फाटका कोपरा लागतो. दर सकाळी लागतो. शांतम्मा दारात उभी राहून बघते आहे असं वाटतं, आणि मी मागं वळत नाही.

ह्या सकाळींमध्येच मला ते उमगलं. इतका वेळ मी स्वतःला समजावत होतो की मी इमान राखलं. खोटं. बोटांना जी चिठ्ठी आधी लागली ती काढायची, एवढंच काम होतं. ती आमची होती. ओळखून ती सोडली, म्हणजे मी निवड केली. पाटलाची उलटी निवड, पण निवडच. तुमचा नियम मी मोडला. तुमच्या सहाव्या जोडीत चिठ्ठी उठलीच नव्हती.

हे कबूल करायला मी कचेरीत येणार नाही. तिथं तुम्ही पुन्हा शांतपणे ऐकाल. म्हणून वर्तमानपत्रात छापायला दिलं आहे. मला शिक्षा करायची तर करा. पण आधी तुमच्याच नियमानं बोला. चिठ्ठी निघेल त्या बारवेला चुना, हे शब्द तुमचे. चिठ्ठीनं खालची वाडी निवडली होती. जगदेवीनं पंधरा दिवस त्या पाण्यात पाय बुडवला आहे, आणि आजही वाडीच्या पोरी ओंजळीनं तेच पाणी पीत आहेत. त्यांच्या पायाला फोड पुढच्या वैशाखात येईल. तुमची पोती अजून पडवीत आहेत, परवाच बघून आलो.

आमच्या वाट्याचा चुना कुठं आहे, साहेब? उत्तर द्या. समासात नको, रकान्यात द्या.