इथे या नावाचं कोणी राहत नाही

मी पत्रपेटी बोलतेय. दाराशेजारी भिंतीवर चार स्क्रूंनी ठोकलेली, वरून झाकणाची, हातभर लांबीची साधी पत्र्याची पेटी. आज मात्र मी भिंतीवर नाही. अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावातल्या एका चढावर, फुटपाथवर, पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून आहे. शेजारी दोन गंजकी कढई-झाकणं आणि एक मोडका दिवा. खोक्यावर लिहिलंय, ‘फुकट’. फुकटच्या मालाला कोणी हात लावून बघत नाही, ही गोष्ट मी दुकानातच शिकले होते.

दुकान होतं बेंटोचं, खिळे-कुलपांचं. त्याच्या भिंतीवर मी तीन वर्षं टांगून होते. बेंटो धंद्यात मुरलेला. म्हणायचा, “पेटी विकताना झाकण उघडून दाखवावं. गिऱ्हाइकाला आत स्वतःची पत्रं दिसतात.” एक दिवस जर्मानो फुर्तादो आणि त्याची बायको देओलिंडा आले. ही मंडळी मूळची अझोर बेटांवरची, पोर्तुगीज बोलणारी. जर्मानो कापडगिरणीत कामाला. त्याने पाऊण तास घासाघीस केली आणि शेवटी अडून बसला, “नावाची पितळी अक्षरं फुकट दे, तर घेतो.”

“घे बाबा. तुझ्यासारखी चार गिऱ्हाइकं आली तर मलाच भाड्याने राहावं लागेल.”

“माझं आणि हिचं, दोघांचं नाव लाव.”

बेंटोने डबा उपडा केला. “दोघांना अक्षरं पुरत नाहीत.”

देओलिंडा हसून म्हणाली, “माझं कशाला? मला पत्र कोण लिहितंय?”

म्हणून माझ्या कपाळावर ‘जी. फुर्तादो’ एवढंच लागलं. घर खरं तर देओलिंडाच्या वडिलांचं, लाकडी, तीन मजली. कागदावर तिचं माहेरचं नाव होतं, मारिया देओलिंडा रापोझो. पण ते नाव सरकारी दप्तराबाहेर कोणी घेत नसे. तळमजल्याची मी, आणि माझ्या शेजारी वरच्या दोन मजल्यांच्या माझ्या दोन बहिणी, अशा आम्ही तिघी दाराशी लागलो.

दहा वर्षांपूर्वी जर्मानो गेला. त्यानंतर देओलिंडा दर शनिवारी कापड आणि लिंबू घेऊन यायची आणि ती अक्षरं चकचकीत करायची. पुसताना त्याच्याशी बोलायची, म्हणजे माझ्याशीच. केलच्या पालेभाजीच्या सूपमध्ये मीठ जास्त झालं, अंजिराच्या झाडाला थंडीआधी गोणपाट गुंडाळायला माणूस मिळत नाही, मुलगा नेल्सन फोन करत नाही. पत्रपेटीला इतकं कोणी सांगत नसेल.

सर्वांत वरच्या मजल्यावर झुल्मिरा राहायची. केप व्हर्द बेटांवरची, तीही पोर्तुगीज जाणणारी. लेकीला घेऊन आली तेव्हा लेक कडेवर होती, आता शाळेत जाते. झुल्मिरा लग्नाच्या हॉलमध्ये स्वयंपाकाला होती. दोघींमध्ये करारनामा वगैरे काही नव्हता. पहिल्या दिवशी देओलिंडाने हात पुढे केला होता आणि पोर्तुगीज रीतीने मानही मागून घेतला होता, “दोना देओलिंडा म्हण मला. एक तारखेला भाडं, आणि जिन्यात बूट नकोत.” झालं. दर एक तारखेला झुल्मिरा पाकीट माझ्यात टाकायची आणि सोबत कागदात गुंडाळलेले, माशाचं सारण भरलेले गरम पेस्टल. तेलाचा वास दोन-दोन दिवस माझ्या पोटात राहायचा. खोटं कशाला सांगू, वीजबिलापेक्षा तो बरा.

मग ती साथ आली. लग्नं बंद, हॉल बंद. पाकीट आधी पातळ झालं, मग यायचंच थांबलं. पेस्टल मात्र येत राहिले, माझ्या कडीला पिशवीत लटकवलेले. म्हातारीला आपल्यामुळे काही व्हायला नको म्हणून झुल्मिरा पुढचा जिना सोडून मागच्या जिन्याने जा-ये करू लागली. तिची पत्रं तिची लेक घेऊन जायची. हे मागच्या जिन्याचं लक्षात ठेवा.

मधला मजला फुटक्या नळांमुळे आधीच रिकामा. घराच्या छपरासाठी जर्मानोने पूर्वी बँकेचं कर्ज काढलेलं. भाडं थांबलं तशी बँकेची पत्रं सुरू झाली, तीही जर्मानोच्याच नावाने. मेलेल्या माणसाला पत्र लिहायला बँकेला लाज वाटत नाही.

एक दिवस झुल्मिरा तोंडाला फडकं बांधून अंगणात, सहा पावलं लांब उभी राहिली.

“दोना, चर्चच्या हॉलमध्ये घरभाड्याच्या मदतीचे अर्ज भरून देतायत. सरकार थकलेलं भाडं थेट तुम्हाला देणार. फक्त दोघींच्या सह्या लागतात.”

देओलिंडा ताठ झाली. “आमच्या घरातून पवित्र आत्म्याच्या जत्रेला सूपाची पातेली बाहेर जायची, पोरी. गाव जेवायचं. या घरातून वाटी घेऊन कोणी कधी बाहेर पडलेलं नाही.”

“जत्रेत सूप खायला मेयरही बसायचा. तो काय भिकारी होता?”

“त्याची बायको स्वयंपाक कसा करते हे तू पाहिलं नाहीस, म्हणून विचारतेस.”

दोघी हसल्या. मग झुल्मिराचा आवाज उतरला. “दोना, हे माझंच भाडं आहे. फक्त दुसऱ्याच्या हाताने येतंय. मला इथून जायचं नाही. लेकीची शाळा कोपऱ्यावर आहे. एवढ्या भाड्यात मला या गावात खुराडंसुद्धा मिळणार नाही.”

म्हातारी गेली. सही केली. परत येऊन अक्षरं पुसता पुसता मला सगळं सांगितलं. हॉलमधल्या कॉनी नावाच्या बाईने घराचे कागद पाहून अर्जावर मारिया देओलिंडा रापोझो लिहिलं, आणि दोघींना बजावलं, “आता चौकशीचं पत्र याच नावाने येईल. दहा दिवसांत सही करून परत पाठवायचं. पेटीवर हे नाव लावा बरं, आजी.”

झुल्मिराने त्याच संध्याकाळी कागदाच्या पट्टीवर ठसठशीत ‘रापोझो’ लिहिलं आणि माझ्या कपाळावर, पितळी अक्षरांच्या अगदी वर, चिकटपट्टीने लावलं. आणि निर्धास्तपणे मागच्या जिन्याने वर गेली.

शनिवारी देओलिंडा लिंबू घेऊन आली. पट्टी पाहिली. खूप वेळ पाहिली.

“तुझ्या डोक्यावर माझ्या बापाचं नाव, जर्मानो? लोक म्हणतील, नवरा गेला आणि बाईने माहेरचं नाव लावलं.” नखाने तिने पट्टी सोलून काढली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. “नॉर्मनला काय माझं घर ठाऊक नाही?”

नॉर्मन आमचा पोस्टमन. बावीस वर्षं तोच. पत्रावर नुसतं ‘अंजिराचं झाड असलेलं घर’ लिहिलं असतं तरी त्याने बरोबर माझ्यात टाकलं असतं. पण नॉर्मन तीन आठवड्यांपूर्वीच दवाखान्यात गेला होता आणि परत आला नाही. देओलिंडा दाराआड होती, तिला कोण सांगणार? मला ठाऊक होतं. मला तोंड आहे, पण ते फक्त घेण्यासाठी.

नॉर्मनच्या जागी दर आठवड्याला नवा माणूस. एका मंगळवारी एक तरुण पोस्टमन लांब पाकीट घेऊन आला. पाकिटावरचं नाव वाचलं. आम्हा तिघींची कपाळं वाचली. बेल वाजवायची त्या दिवसांत कोणाची हिंमत नव्हती. त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि लिहिलं, ‘इथे या नावाचं कोणी राहत नाही.’ पाकीट पिशवीत परत. ती बाई माझ्यापासून चार हातांवर, पडद्याआड, सूप ढवळत होती.

महिन्याने दुसरं पाकीट आलं. दुसरा माणूस, तीच ओळ.

झुल्मिरा अंगणातून विचारायची, “दोना, पत्र आलं?”

“काही नाही आलं.”

“ऑफिसवाले म्हणतात, पाठवलं.”

“ऑफिसवाल्यांना काय, बोलायचे पैसे मिळतात.”

हळूहळू विचारणं कमी झालं. झुल्मिराला वाटू लागलं, म्हातारी पत्र दडवतेय, घर विकायचं असेल. म्हातारीला वाटू लागलं, पोरीने अर्ज नीट भरलाच नाही. कडीला पेस्टल येईनासे झाले.

आणि नेल्सन येऊ लागला. “आई, घरांना आत्ता भाव आहे. बँक गिळण्याआधी विकू. फक्त घेणाऱ्याला घर रिकामं हवंय.” साथीत भाडेकरूंना घराबाहेर काढायला सरकारने घातलेली बंदी उठली त्या आठवड्यात देओलिंडाने विक्रीच्या कागदावर सही केली. त्यावर मात्र रापोझो असं नाव घालायला तिला काही वाटलं नाही. ते नाव रस्त्यावरून दिसणार नव्हतं ना!

त्याच आठवड्यात वरच्या मजल्याच्या पेटीत झुल्मिराला पत्र आलं. ते हातात घेऊन ती पुढच्या जिन्याने धडधडत खाली आली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

“मालकाला दोनदा पत्र पाठवलं, दोन्ही परत आली, म्हणून अर्ज बंद. परत आली म्हणजे काय, दोना?”

“मला काय विचारतेस! माझ्या दारात पत्र आलं नाही. जर्मानोची शपथ.”

झुल्मिरा काही बोलणार, तेवढ्यात तिची नजर माझ्यावर गेली. तिने माझ्या कपाळावरून बोट फिरवलं. चिकटपट्टीचा डिंक तिथे अजून होता.

“माझी पट्टी कुठे आहे?”

म्हातारीचा हात नकळत ॲप्रनच्या खिशाकडे गेला.

“दोना, पट्टी कुठे आहे?”

“त्याच्या नावावर लावली होतीस तू.”

“तो मेलाय!” झुल्मिरा ओरडली. “तो मेलाय, आणि मी जिवंत आहे, माझी पोर जिवंत आहे. त्याला छप्पर लागत नाही!”

एवढं बोलून ती स्वतःच दचकली. देओलिंडा दार धरून उभी. “उद्या पुन्हा अर्ज करू,” ती पुटपुटली.

“नवे अर्ज घेणं बंद झालंय. आणि घर तुम्ही विकलंत.”

महिनाअखेर झुल्मिरा गेली. दोन गाद्या, एक शिवणयंत्र आणि लेकीचं दप्तर, चुलतभावाच्या गाडीत. पलीकडच्या गावात त्याच्या बैठकीच्या खोलीत जागा मिळाली होती. निघताना पोरीने आपल्या पेटीचं झाकण उघडून पाहिलं, सवयीने. देओलिंडा खिडकीत होती. कोणीही हात हलवला नाही.

दुसऱ्या सकाळी म्हातारी बाहेर आली. पट्टी खिशात इतके महिने राहून मऊ झाली होती. तिने ती नीट सपाट केली आणि पितळी अक्षरांच्या वर लावली. तळव्याने दाबून धरली. लिंबू आणलं नव्हतं.

दहाव्या दिवशी पोस्टमनने पाकिटावरचं नाव वाचलं, पट्टी वाचली आणि पाकीट माझ्यात टाकलं. मारिया देओलिंडा रापोझो. तिच्या स्वतःच्या नावाचं, माझ्या पोटात पडलेलं पहिलं पत्र.

तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. असली पत्रं झुल्मिराच वाचून दाखवायची. पाकीट हातात घेऊन देओलिंडा जिना चढू लागली. मधला मजला, मग सर्वांत वरचा. मी पावलं मोजली. वर दारावर टकटक ऐकू आली. मग पुन्हा. मग बराच वेळ काहीच नाही.

रविवारी नेल्सनने पत्र वाचलं. “तुझा अर्ज बंद केल्याचं कळवलंय. टाकून दे, आई.” तिने टाकलं नाही. घडी घालून पुन्हा माझ्यात ठेवलं, झाकण लावलं आणि मुलाच्या गाडीत बसली. नव्या मालकाने दाराशी तिजोरीसारख्या चकचकीत पेट्या बसवल्या आणि आम्हा तिघींना उखडलं. बहिणी भंगारात गेल्या. मी इथे.

येणाऱ्या-जाणाऱ्यांनो, मला न्यायचं असेल तर आतलं पत्र तेवढं आधी काढा. मग ही पितळी अक्षरं काढा. सुरी लागेल, सहजी निघणार नाहीत, प्रेमाने बसवलेली आहेत. आणि घरात जेवढी माणसं जेवतात तेवढ्यांची नावं माझ्यावर लिहा, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीचंही. अक्षरं पुरली नाहीत तर कागदावर लिहा. कागदाने भागतं. बोटभर कागदाने भागलं असतं.