मूठभर पाकळ्या

मला स्टेजमागे फुलांची भिंत हवी होती. पांढऱ्या ऑर्किडची, वरपासून खालपर्यंत. लग्न काय रोज होतं? घाटकोपरचा फुलवाला सहदेव म्हणाला, "ताई, एवढ्या बजेटात एकच बसेल. भिंत घ्या, नाहीतर पाकळ्या."

पाकळ्या म्हणजे आमच्या अक्षता. आम्ही बौद्ध. गाथा संपल्या की पाहुणे नवरानवरीवर फुलं उधळतात. पप्पांचा हेका एकच, "माझ्याकडे आलेला माणूस रिकाम्या हाताने आशीर्वाद देणार नाही."

"मग माझ्या हौसेचं काय?" मी भर दुकानात पाय आपटले. अठ्ठावीस वर्षांची घोडी, बँकेत नोकरी, आणि पाय आपटले!

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग सहदेवला म्हणाले, "भिंत लाव. पाकळ्या दोनच टोपल्या दे." विक्रोळी येईपर्यंत रिक्षात ते बोटांवर पाहुणे मोजत होते. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरी पोचताच मी हळूच गॅलरीतून वाकोल्याच्या कमलआत्याला फोन लावला. "आत्या, येताना थोडी फुलं आण ना गं. पप्पांना बोलू नकोस."

लग्नाच्या दिवशी भिंत झकास दिसत होती. तिच्यापुढे मी आणि चैतन्य, दोघंही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. समोर पप्पा पाहुण्यांना पाकळ्या वाटत होते, औषधाच्या गोळ्या द्याव्यात तशा मोजून. तिसऱ्या रांगेतच टोपल्या संपल्या. रिकामी टोपली धरून ते तिथेच उभे राहिले आणि मला मान वर करवेना.

शेवटची गाथा संपली. आत्याने पर्समधून पिशवी काढली. शेजारच्या काकूंनीही काढली. मग अख्ख्या हॉलभर पिशव्यांची सळसळ! मी आत्याला गुपचूप सांगितलं होतं, तसं आईने मावश्यांना आणि माझ्या सासूबाईंना सांगितलं होतं, आणि सासूबाईंनी अर्ध्या मरोळला. कुणालाच दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

गुलाब, शेवंती, झेंडू, कुणाच्या कुंडीतली तगर. एका काकांनी तर अख्खं जास्वंदीचं फूल देठासकट फेकलं, ते चैतन्यच्या नाकावर बसलं. त्याला शिंकांवर शिंका. "पुरे, पुरे!" बौद्धाचार्य माइकवरून ओरडले आणि पाकळी त्यांच्याच तोंडात गेली. मी हसून हसून खालीच बसले.

तेवढ्यात पप्पा दिसले. येणारा जाणारा त्यांच्या रिकाम्या टोपलीत मूठमूठ फुलं टाकत होता आणि ते वेड्यासारखे हसत होते. भरलेली टोपली घेऊन ते धावत स्टेजवर आले आणि अख्खी माझ्या डोक्यावर उपडी केली.

"आता कुठंय गं तुझी भिंत?"

मी वळून पाहिलं. फुलांच्या पावसात खरंच काही दिसत नव्हतं. मी पप्पांच्या गळ्यात पडले आणि म्हटलं, "कसली भिंत?"