पाचरेची जाड बाजू

“जाड बाजू नाकाकडे, बारीक बाजू शेपटीकडे. म्हणा!”

बाबांचा आवाज गाडीखालून यायचा. दिसायचे ते फक्त त्यांचे बूट, टाचा झिजलेले, बोटं वर करून निजलेले. दादा म्हणायचा, धाकटी म्हणायची, आणि म्हणता म्हणता त्या ओळीला चाल लागायची, संथ, घरातल्या जुन्या गाण्यासारखी. नाक म्हणजे गाडीची पुढची बाजू. शेपटी म्हणजे मागची. पाचर म्हणजे तळहाताएवढी लोखंडी पट्टी, एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला उतरत गेलेली. ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, आणि स्प्रिंगचे पाटे यांच्यामध्ये ती घातली की चाकं ज्या खुंटावर वळतात तो खुंट मागे कलतो, आणि गाडी सरळ चालते. बाबांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक जीपचे पाटे ॲक्सलच्या खाली होते. म्हणून जाड बाजू नाकाकडे. ते कधी चुकले नाहीत.

चुकली धाकटी, आणि तीही त्यांची ओळ तंतोतंत पाळून.

वहिनी गुरांची डॉक्टर. वरच्या वस्त्यांना जाणारा रस्ता नदीच्या पात्रातून जातो, दगडगोट्यांतून. तिथे साधी गाडी पोट घासून बसते. म्हणून दादाने, तो वेल्डर, स्वतःच्या शेडमध्ये बायकोच्या जीपची उंची वाढवली. खालचे पाटे काढून ॲक्सलच्या वर बसवले, चाकं मोठी घातली. गाडी घोड्यावर बसल्यासारखी दिसू लागली. अलाइनमेंटला ती धाकटीकडेच आली, कारण बाबांचा रॅम्प आता ती चालवते. तिने पाचरा घातल्या. जाड बाजू नाकाकडे. त्या आठवड्यात मशीनचा कॅमेरा दुरुस्तीला गेला होता, म्हणून बाबांसारखी दोरी लावून चाकांची तोंडं सारखी केली आणि गाडी दिली. खुंटाचा कल मोजला नाही. पाचर आपण घातली म्हणजे कल आलाच, असं ती धरून चालली.

दोन महिन्यांनी उताराच्या डांबरी रस्त्यावर, एका वळणानंतर, जीप चरात गेली. वहिनीचं डावं मनगट मोडलं.

“घाबरली,” दादा सगळ्यांना सांगू लागला. “वळण घेतलं आणि स्टिअरिंग सोडून दिलं.” इतक्यांदा सांगितलं, की वहिनीही तसंच सांगू लागली. प्लास्टर निघालं तरी ती चालवायला बसेना. वरून फोन यायचे, गाय अडली आहे, म्हैस उठत नाही. दादा मोकळा असला तर जायचं, नाहीतर दुसऱ्या डॉक्टरचा नंबर द्यायचा.

आणि प्लास्टर निघायच्या दोन दिवस आधी, म्हणजे अकरा दिवसांपूर्वी, तशीच उंच केलेली एक गाडी धाकटीच्या रॅम्पवर आली. तेच वर घेतलेले पाटे. तिने तशाच पाचरा घातल्या, आणि पडद्यावरचा आकडा वाढायच्या ऐवजी उतरला. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा उतरला. मग ती गाडीखाली गेली आणि उताणी पडून बघत राहिली. पाटे खालून वर गेले की पाचरेचं तोंडही फिरवावं लागतं. एवढंच होतं. एवढंच तिला कळलं नव्हतं, आणि त्यापायी वहिनीचं मनगट.

अकरा दिवस ती गप्प होती.

आज सकाळी शटर वर केलं तर समोर जीप, आणि जीपला टेकून वहिनी.

“चालवत आणलीत?” धाकटीने विचारलं.

“छे! शेजारच्या काकांनी आणून सोडली. त्यांना म्हटलं, वन्संकडे जायचंय, तर म्हणाले मग हेल्मेट घालून जा.” वहिनी हसली. धाकटी वयाने लहान, पण चिडवायचं असलं की वहिनी तिला वन्सं म्हणायची. “हे बघ, अपघातानंतर गाडी तपासून मोठ्या गॅरेजवाल्यांनी दिलाय.” तिने घडी घातलेला कागद पुढे केला. “तुझा दादा म्हणतो सगळं ठीक आहे. पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. गाडीत काही नाही असं तू म्हणालीस, की मी किल्ली त्याच्या हातात देऊन टाकणार कायमची. वरच्या लोकांनाही सांगून टाकेन. उगाच आशेवर ठेवायचं नाही कुणाला.”

धाकटीने कागद उलगडला. पहिली ओळ हिरवी: चाकांची तोंडं बरोबर. खालच्या दोन ओळी, दोन्ही बाजूंच्या कलाच्या, लाल. त्याखाली पेनने खरडलेलं: उंची वाढवलेली गाडी, असंच राहणार. दादाने वरची ओळ तेवढी वाचली होती.

“बघते,” ती म्हणाली.

वहिनी मागच्या औषधांच्या पेट्या उतरवू लागली.

“राहू देत त्या. रोज जेवढं वजन असतं, तेवढं ठेवूनच मोजायचं.”

“मग मलाही बसवून मोज. रोजचं वजन मीच.”

“बसा की.”

“अगं, मी चेष्टा केली!”

“मी नाही केली. बसा. पाय ब्रेकवर.”

वहिनी वर चढून बसली. धाकटीने आधी चारी चाकांची हवा सारखी केली. मग पुढचं एकेक चाक उचलून हलवलं, सांधे ढिले नाहीत ना ते बघायला. ढिल्या सांध्यावर घेतलेलं माप संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. मग पुढची चाकं फिरत्या थाळ्यांवर आणली, चाकांना पट्ट्या अडकवल्या आणि स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे फिरवायला लावलं. पडद्यावर आकडा आला.

उणे पाऊण अंश, म्हणजे खुंट मागे नाही, पुढेच कललेला.

तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकून डॅशबोर्डवर ठेवला.

“पोचलीस का?” दादा. “आहे का तिथे आमचा ओळंबा?” लहानपणी दोरीचं टोक धरून ताठ उभी राहायची म्हणून तो तिला ओळंबा म्हणायचा.

“आहे,” धाकटी खालून म्हणाली.

“गाडी सरळ कर गं. आणि जमलं तर चालवणारीलाही कर!”

वहिनी हसली. तेच धाकटीला लागलं. दादाचं बोलणं नाही, त्यावर वहिनीचं हसणं.

“ठेव आता,” वहिनी म्हणाली, “तुझी बहीण कामात आहे.” फोन बंद झाला. “काय गं, काय म्हणते गाडी?”

“कल कमी आहे. वाढवावा लागेल.”

“म्हणजे काय, माणसाला कळेल असं सांग.”

धाकटी हात पुसत उभी राहिली. “सायकलचा पुढचा चिमटा बघितलाय? जरा मागे कललेला असतो. म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते, आणि वळवलं तर हँडल आपोआप परत येतं. तो कल काढून घेतला तर परत येत नाही. आपणच ओढत बसायचं.”

वहिनी क्षणभर स्टिअरिंगकडे बघत राहिली. “मग हिला कमी का आहे?”

तोंडाशी आलं होतं. सांगून टाकायला दोन वाक्यं पुरली असती. धाकटी म्हणाली, “उंची वाढवली की होतं तसं.” हेही खरंच होतं, आणि खरं असल्यामुळे जास्त वाईट वाटलं.

वहिनी खाली उतरून लोखंडी खुर्चीत बसली. धाकटीने जीप जॅकवर घेतली, ॲक्सलला टेकू दिले, पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सोडले. पाटा अंगठ्याएवढा उचलला तशी पाचर हातात आली. अडीच अंशांची, तिनेच निवडलेली, जाड अंगावर तिनेच मारलेली ठोकणीची खूण. तिने ती फिरवली. जाड बाजू शेपटीकडे. दुसरीही फिरवली. गाडीखाली दुसरं कुणी नव्हतं. वहिनीला पाचर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, दादा गाडीखाली परत बघणार नव्हता. यू-बोल्ट आवळले की तिची चूक पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये मिटून जाणार होती, आणि वर दिसणार होती फक्त घाबरट वहिनी.

तिने यू-बोल्ट आवळले, एकेक चक्कर, आलटून पालटून, पाना टकटक करेपर्यंत.

पुन्हा मोजलं: सव्वाचार. मग पुढच्या दोन चाकांना जोडणारा टाय रॉड फिरवून चाकांची तोंडं मिळवली, कारण कल बदलला की तीही हलतात. सगळ्यात शेवटी स्टिअरिंगचा दांडा मधोमध आणला. दोन तास गेले होते.

“चला,” ती म्हणाली. “तुम्ही चालवा.”

“मी? नको गं.”

“बाजूला मी आहे.”

गोदामांच्या मागचा रस्ता सरळ, रुंद, या वेळी रिकामा. वहिनी पहिल्यांदा पायी चालल्यासारखी चालवत होती, दोन्ही मुठी पांढऱ्या. मग तिसरा गिअर. मग चौथा. शेवटच्या गोदामाशी वळण आलं. तिने वळवलं, श्वास धरला, आणि स्टिअरिंग तिच्या तळव्यांखालून आपसूक सरकत सरळ झालं. शांतपणे, घरी परत आलेल्या जनावरासारखं.

“आलं!” वहिनी ओरडली. “परत आलं गं!” तिने वळून परत तेच वळण घेतलं. मग आणखी एकदा. चौथ्या फेरीला ती गुणगुणत होती.

“बघितलंस? रोज चेंडू दाबतेय मी, सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. हात सुधारला माझा. आज घरी गेल्यावर तुझ्या दादाला सांगते, तुझं म्हणणं खरं होतं रे, तेव्हा मीच सोडलं होतं. पण आता नाही सोडणार.”

तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की त्याला हात लावू नये असं वाटावं. धाकटी समोरच्या काचेतून बघत होती. रस्ता सरळ होता, गाडी सरळ होती.

“वहिनी, गाडी कडेला घ्या.”

“का गं? आवाज येतोय का कुठून?”

“घ्या ना.”

वहिनीने गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच होतं. धाकटीने हात पुढे करून किल्ली फिरवली. आता गाडीत कसलाच आवाज उरला नाही.

“तुम्ही स्टिअरिंग सोडलं नव्हतं,” ती म्हणाली. “मी पाचरा उलट्या बसवल्या होत्या. पाटे वर घेतले की त्या फिरवायच्या असतात. मी फिरवल्या नाहीत आणि कल मोजलाही नाही. वळणावर तुम्ही वाट बघितलीत, ते परत आलं नाही. तुम्ही ओढलंत तर गाडी दुसरीकडे गेली. तुमच्या जागी बाबा असते तरी गेली असती. मला कळून अकरा दिवस झाले. तुमचं प्लास्टर काढायला मी बरोबर आले होते, तेव्हाही मला माहीत होतं. आज गुपचूप फिरवून गाडी तुम्हाला परत देणार होते. चूक माझी आहे, वहिनी. दादालाही मीच सांगणार, आज, तुमच्यासमोर.”