लाल चिंधीचा नियम

बाळांनो, डोळ्यांपुढे एक बाग आणा. चार इमारतींच्या मधोमध, दोन बाकं, एक गळका नळ आणि नळापाशी फुटक्या बादलीत एक पपईचं झाड. त्याला पहिलीच पपई धरलेली, लिंबाएवढी. झाड चिमणीचं. मुलीचं खरं नाव वेगळं, पण तोंडाची चिवचिव थांबत नसे, म्हणून चिमणी. बी तिनेच पेरलं होतं आणि शाळेत जाण्याआधी ती झाडाची तब्येत विचारल्याशिवाय पुढे जात नसे.

या बागेला माळी एकच, समिती मात्र भलीमोठी. एका सकाळी समितीच्या अध्यक्षांच्या डोक्यात खूळ शिरलं: बाहेरून आलेली झाडं आपल्या बागेत नकोत! परक्या झाडाला लाल चिंधी बांधायची.

"चिंधी दिसली की विचारत बसायचं नाही," त्यांनी माळ्याला बजावलं. "संध्याकाळी थेट उपटायचं!"

परकं ओळखायचं कसं? सोपं होतं. अध्यक्षांच्या आजोबांच्या अंगणात होतं ते आपलं, बाकी परकं. जणू पृथ्वी आजोबांनीच पेरली होती.

समिती कुंपणालगतचं परकं गवत तुडवत, गवतावर तोंडसुख घेत बागभर फिरली. बादलीशी येताच अध्यक्षांनी पपईला चिंधी बांधली.

"काका, ती माझी आहे!"

"तुझी असेल गं, पण इथली नाही. समुद्रापलीकडची आहे."

चिमणी रडत वर घरी आत्याकडे धावली. आत्या शाळेत विज्ञान शिकवायची.

"आत्या, पपई खरंच परकी?"

"जहाजातून आली, शेकडो वर्षांपूर्वी. पण एकटी नाही हं. मिरची, टोमॅटो, बटाटा, पेरू, सगळी मंडळी तिकडचीच."

"आणि काकांच्या दारातला झेंडू?"

"तोसुद्धा. बियांना पाय नसतात, म्हणून त्या दुसऱ्याचे वापरतात. पक्ष्याचं पोट, जहाजाचं पोट, नाहीतर माणसाची विजार."

चिमणीने नाक पुसलं आणि खाली पळाली. उरलेल्या चिंध्या बाकावरच पडल्या होत्या. बघता बघता पेरू लाल झाला, मिरचीचं रोप लाल झालं, अध्यक्षांच्या दारातल्या झेंडूच्या कुंड्याही लाल झाल्या.

"अगं कार्टे, झेंडूला?" अध्यक्ष धावत आले. "माझ्या आजोबांनी लावलाय तो!"

"आणि पपई मी लावलीय."

अशा वेळी मोठ्यांना जे सुचतं तेच अध्यक्षांना सुचलं. "लहान तोंडी मोठा घास नको! नियम म्हणजे नियम. परकं बी दिसलं की चिंधी, चिंधी दिसली की उपटणं!"

चिमणीची नजर खाली गेली. त्यांच्या विजारीला गुडघ्यापर्यंत त्याच परक्या गवताची कुसळं चिकटली होती. सकाळपासून ते वाफ्यावाफ्यात हिंडत होते आणि जातील तिथे पेरणी करत होते.

संध्याकाळ झालीच होती; तेवढ्यात माळी कुदळ घेऊन आला.

चिमणी खाली बसली, शेवटची चिंधी अध्यक्षांच्या पायाला गच्च बांधली आणि तिने हाक मारली, "माळीकाका, आधी इकडे या!"