दानम्माचा ठोकळा

माझे यजमान अण्णाराव माजलगावात कापडाचं दुकान चालवतात. वारभर कापड फाडायचं तर तीनदा मोजणारा माणूस. पण शहाऐंशी साली त्यांनी घरात कुणाला न विचारता एक गाडी घेतली. साखर कारखान्याची यंत्रं बसवायला आलेला फ्रान्सचा इंजिनिअर परत जाताना ती मागे ठेवून गेला होता. बुटकी, दोनच दारांची, मागून फुगलेली, दारावर एकतीस नंबर. डोंगरातल्या शर्यतींसाठी अशा मोजक्याच गाड्या बनवल्या होत्या म्हणे. आत डोक्याभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा होता. लुगडं सावरत त्यातून शिरणं म्हणजे कसरत, म्हणून मी तो काढायला लावला. परसात त्यावर दोडक्याचा वेल छान चढला.

पहिल्याच आठवड्यात ह्यांनी मला वडवणीच्या रस्त्याला फिरायला नेलं. पाय दाबला मात्र, गाडी जी सुटली ती बबनरावांच्या उसात जाऊन थांबली. कुणाला काही लागलं नाही, पण मी घरी पायी आले. दुसऱ्या दिवशी सटवा मेकॅनिकला गाठलं आणि ह्यांच्या चोरून ॲक्सिलेटरखाली, रबरी चटईच्या आत, एक लाकडी ठोकळा ठोकून घेतला. पेडल बोटभर दाबलं की अडायचं. कुणाला सांगायचं नाही म्हणून सटव्याला कपिलधारच्या मन्मथस्वामींची शपथ घातली. हे तक्रार घेऊन गेले की तो सांगायचा, "परदेशी पार्ट हाय अण्णा, इथं मिळत न्हाई."

तेव्हापासून गाडी खोकायला लागली. बाजारात धक्के देत चालायची. कपिलधारच्या यात्रेला निघालो की चढावर बैलगाड्या आमच्या पुढे जायच्या. ह्यांनी तिला आजारी लेकरासारखी विभूती लावली, लिंबू-मिरची बांधली. दहा वर्षं गाव हसलं, आणि सगळ्यात जास्त मी हसले. "तुमच्या म्हातारीला अडुळशाचा काढा पाजा," मी म्हणायचे. हे एवढंच म्हणायचे, "गाडी चांगली हाय. मलाच कायतरी उमगंना झालंय."

शहाण्णव साली गावात नव्या नव्या कंपन्यांच्या गाड्या दिसू लागल्या होत्या. त्या उन्हाळ्यात पुण्याचा अमरनाथ नावाचा माणूस एका लग्नाला आला आणि आमच्या दारात थबकला. जुन्या गाड्या जमवण्याचा त्याला नाद. एकतीस नंबरावरून त्यानं असा हात फिरवला की मलाच लाज वाटली.

"काका, भारतात ही दुसरी नसेल! हिचा आतला पिंजरा कुठे आहे?"

मी त्याला परसात नेलं. दोडके बघून त्यानं डोक्याला हात लावला. मग गाडी गल्लीतून फिरवून आणली, उतरला आणि जरा हळू आवाजात म्हणाला, "काका, इंजिन गेलंय. शोभेला म्हणून घेऊन जाईन."

मला आनंद व्हायला हवा होता. पण ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हे मान हलवत होते, आपण दहा वर्षं फसलो हे कबूल केल्यासारखे. "न्या मग साहेब," म्हणाले. मला ते सोसवेना.

"इंजिन ठीक हाय," मी म्हणाले. "चटईखाली ठोकळा हाय. म्या ठोकून घेतलाय, सटव्याकडून."

ह्यांनी चटई उचलली, पान्यानं ठोकळा उपटला, हातात धरून नुसता बघितला. माझ्याकडे पाहिलंही नाही. मग अमरनाथला शेजारी बसवून गावाबाहेर निघून गेले. मी ओट्यावर उभी. थोड्या वेळानं वडवणीच्या रस्त्याकडून आवाज आला. खोकला नव्हता तो. खणखणीत, चढत जाणारा, सबंध माजलगावानं ऐकावा असा. मला रडूच आलं. किती वर्षं मी त्या माणसाला खोटं पाडलं होतं!

दोघं परतले तेव्हा अमरनाथ मागाल ती किंमत द्यायला तयार होता.

"इकायची न्हाई," हे म्हणाले. "आत्ता तर घेतलीया."

त्या दिवशी हे माझ्याशी बोलले नाहीत. जेवले, झोपले. सकाळी मात्र हाक मारली, "दानम्मा, वडवणीच्या बाजाराला येतीस का?"

मी देवाचं नाव घेत बसले. गाडीनं धक्का दिला आणि खोकली. मी वाकून चटई उचलली. ठोकळा जागच्या जागी, नवे खिळे मारून.

"आवं, ह्ये काय?"

"तू संगं असलीस की असू दे. भ्या वाटतं ना तुला? एकला असलो की काढीन."

एवढंच बोलले, तेही रस्त्यावरची नजर न काढता. वेशीबाहेर आलो. मग मी म्हणाले, "थांबवा. काढा त्यो."

"कावून?"

"काढा म्हणते ना."

त्यांनी काढला. मी तो मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी घट्ट धरला. बबनरावांचा ऊस जवळ आला तेव्हा डोळे मिटले, पण हळू चालवा असं काही म्हटलं नाही.