दुसरी मेंढी

"आयला सृष्टे, ह्यो म्हातारा अजून तुझ्या डेकात? काढ की त्याला! आता कोण वापरतंय असली जुनी कार्डं?"

सृष्टीच्या खांद्यावरून वाकून तिचा भाऊ हृतिक कुरकुरत होता. त्याच्या तोंडातल्या चिवड्याचा चुरा माझ्यावर, म्हणजे फोनच्या काचेवर, सांडत होता.

"असू दे," काच ओढणीनं पुसत सृष्टी म्हणाली. "आबांचाय तो."

मित्रांनो, तो म्हातारा म्हणजे मी. मोबाईलवरच्या 'रानपट' नावाच्या पत्त्यांच्या खेळातलं एक जुनं कार्ड. माझं नाव मेंढका. मला कागद नाही, कोपरे नाहीत, त्यामुळे दुमडायची भीती नाही. पण कागदाच्या पत्त्याला जी भीती कधीच नसते, ती मला रोज असते. बदामाची राणी एकदा छापली की चुरगळून फेकेपर्यंत राणीच राहते. माझ्या अंगावर उद्या काय लिहिलेलं असेल, हे मात्र दुसराच कुणीतरी ठरवतो. आणि तो मला विचारत नाही.

फोन उघडा आणि खेळ चालू असला की मला दिसतं, ऐकू येतं. खेळ बंद झाला की काळोख. त्या उघडझाकीत जेवढं पाहिलं, तेवढंच सांगतो.

माझा जन्म माण गावातला; ती गोष्ट तेवढी ऐकीव आहे. सृष्टीच्या घरावर मजला चढवून भाड्याच्या खोल्या काढल्या आहेत. त्यांतल्या एका खोलीत दीपमाला राहते. ती खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत चित्रं काढते. तिला साहेबांनी मेंढपाळ काढायला सांगितला आणि नमुना म्हणून कुठल्याशा बर्फाळ मुलखातल्या गोऱ्या मेंढपाळाचा फोटो दिला. तिनं तो पाहिला, मग खिडकीतून खाली पाहिलं. खाली सृष्टीचे आजोबा, बाजी, खांद्यावर घोंगडी टाकून बशीतला चहा फुंकत बसले होते. गोरा मेंढपाळ तिथंच बाद झाला.

म्हणून माझा चेहरा बाजींचा आहे. डाव्या भुवईतली ती खाच, टायरच्या तळव्याच्या वहाणा, आणि हाळी देण्याआधी अर्धवट उघडलेलं तोंड. ती हाळी गेली कित्येक वर्षं माझ्या ओठांवर आहे. बाहेर काही पडली नाही.

चेहरा झाला, पण मी करायचं काय? तेही विचारायला दीपमाला खालीच आली.

"आबा, मेंढी हरवली तर तुम्ही काय करता?"

"एक कदी हरवत न्हाई, बाय," बाजी म्हणाले. "एकीच्या मागं दुसरी जातीच. मेंढराची जातच तशी. परत आनायच्या तर दोन आनायच्या."

झालं. माझ्या पोटावर लिहिलं गेलं : 'हरवलेल्या दोन मेंढ्या परत आणतो.' आमच्या खेळात समोरच्याचा लांडगा आपल्या मेंढ्या दरीत ढकलतो. मी मैदानात उतरलो की त्यातल्या दोन वर येतात. साधंच काम, पण हरत आलेला डाव त्यानं फिरायचा. मग काय विचारता! जो तो मला डेकात, म्हणजे आपल्या निवडक पत्त्यांच्या गड्डीत, घ्यायचा. समोरचे खेळाडू माझ्या नावानं बोटं मोडायचे. मला तर ती आरतीच वाटायची.

दीपमालानं मला पहिल्यांदा बाजींना दाखवलं, तेव्हा ते डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले.

"काठी ह्या हातात न्हाई धरत मी," एवढंच म्हणाले. मग तुकाबाईंना, त्यांच्या बायकोला, हाक मारून बोलावलं. "अगं ये, बघ, मी फोनात गेलोय."

"जावा," तुकाबाई चुलीपाशनं म्हणाल्या. "घरात कुटं टिकताय."

सृष्टीनं त्यांना खेळायला शिकवलं. पण कसं खेळायचे! लांडग्यापुढं एखादी मेंढी टाकून दिली की डाव सोपा होतो. लहान पोरांनाही ते कळतं. बाजी टाकायचे नाहीत. "जित्रब देऊन जितायचं? ह्याला काय खेळ म्हनत्यात व्हय?" ते हरायचे, पण मेंढरं राखून हरायचे. शेवटी मला उतरवायचे आणि दोन्ही मेंढ्या वर आल्या की काचेवर बोट ठेवून म्हणायचे, "ही एक. आन ही तिच्या मागची."

असे माझे चांगले दिवस होते.

आता भीतीचं सांगतो. अधूनमधून खेळ उघडताना पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकायला लागते. वर लिहिलेलं असतं, 'थोडं थांबा, खेळ अधिक संतुलित करत आहोत.' ती पट्टी सरकत असते तेव्हा आम्ही जुनी कार्डं आपापल्या पोटावरची अक्षरं तपासत बसतो. कारण पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत आमच्यातलं कुणीतरी कमी झालेलं असतं. नवी कार्डं आली की ती कुणीतरी घ्यायला हवीत, आणि जुनी जोरात असली तर नवी कोण घेणार? माझ्या शेजारी वाघीण होती. एका पट्टीत तिची ताकद निम्म्यावर आली. पट्टे तेच, डोळे तेच, आकडा तेवढा खाली. दोन दिवसांत लोकांनी तिला डेकातून काढलं. विहीर होती, तिचं पाणी आटवलं. तिला कळलंसुद्धा नाही. कुणी हाताळेना, तेव्हा तिनं खाली पाहिलं.

मी रोज स्वतःच्या पोटाकडे बघायचो. दोन. अजून दोन.

त्याच दिवसांत मला घरातही एक पट्टी सरकताना दिसायला लागली. ती हिरवी नव्हती, आणि तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

बाजी डाव खेळता खेळता विचारायचे, "लाख्या कुटं गेला गं?" लाख्या त्यांचा कुत्रा. तो मरून किती वर्षं झाली होती. सृष्टी म्हणायची, "असंल हितंच." देवळातून दुसऱ्याच्याच चपला घालून आले, तर हृतिक हसला. मग आजीच्या तोंडाकडं बघून त्यानं हसू आवरलं. एकदा मेंढरं आणि शेरडं आपली आपण घरी आली आणि बाजी आलेच नाहीत. सृष्टी दारात फोन हातात धरून उभी होती. खेळ उघडाच होता, पण डाव कुणी खेळत नव्हतं. शेवटी तिचे वडील, सिद्धनाथ, बाजींना मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन आले. शेजारच्या नांदे गावाकडच्या रस्त्याला, नव्या इमारतींच्या पत्र्यापाशी ते उभे होते म्हणे, काठी टेकून, जणू पत्रा आपणहून बाजूला होईल.

"रस्तं लई बदललंत," सिद्धनाथ चपला काढत म्हणाला. "कुनालाबी चकवा लागंल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाजींनीही डोलावली.

आणि मग घरात थोडं थोडं कमी व्हायला लागलं. आधी मेंढरं विकली गेली. कारण काय, तर चारा मिळत नाही. उरली चार-पाच शेरडं. मग बाजीही चालवायचे त्या मोटारसायकलची किल्ली खिळ्यावरून हलली. "किल्ली कुटं हाय कुनास ठावं." मग "ऊन लई हाय आबा, आज नगा जाऊ." दर वेळी कारण खरं असायचं, आणि दर वेळी ते कारण नसायचं. आमच्या कंपनीत ह्याला संतुलन म्हणतात. घरात ह्याला काय म्हणतात, ते कुणी म्हणतच नव्हतं.

दीपमाला जिन्यावरून उतरताना बाजींच्या हातातला फोन बघायची आणि "घाईत आहे, आबा" म्हणून सटकायची. एरवी ती घटकाभर टेकल्याशिवाय जायची नाही. मी तिथंच ओळखायला हवं होतं.

सृष्टीची बारावीची परीक्षा चालू होती, म्हणून ती खेळत नव्हती. तशात एका दुपारी ती अभ्यासाला मैत्रिणीकडे गेली आणि फोन घरी ठेवून गेली. बाजींनी खेळ उघडला. हिरवी पट्टी सरकली. मी डोळे मिटले. उघडले, तेव्हा माझ्या पोटावर लिहिलेलं होतं : 'हरवलेली एक मेंढी परत आणतो.'

मित्रांनो, दुखत नाही. तेच तर भयंकर आहे. काहीच दुखत नाही.

बाजींना वाचता येत नव्हतं. नेहमीसारखा डाव चालला, मेंढ्या दरीत गेल्या, आणि नेहमीसारखं त्यांनी मला उतरवलं. एक मेंढी वर आली. त्यांनी बोट ठेवलं. "ही एक." मग बोट बाजूला सरकवून थांबले. कोपऱ्यात दिसणारी चालीची वेळ संपत आली होती.

"दुसरी कुटंय?"

हृतिक आणि सिद्धनाथ जेवत होते. हृतिकनं फोन ओढून बघितलं. "एकच येती आबा. लिवलंय की."

"दोन येत्यात."

"एकच. पैल्यापास्नं एकच हाय." हृतिकनं मला उभ्या जन्मात डेकात घेतलं नव्हतं. त्यानं समोर दिसलं ते वाचलं आणि वर 'पैल्यापास्नं' लावून दिलं. भात गार होत होता ना.

"दोन व्हत्या, सिद्धा," बाजी मुलाकडे वळले. "तूच सांग."

सिद्धनाथनं फोनकडे पाहिलंही नाही. त्यानं वडिलांकडे पाहिलं, जसं नांद्याच्या रस्त्यावर पाहिलं असेल तसं. "एकच असंल, आबा," तो हळू म्हणाला. "ऱ्हाऊ द्या आता."

माझं तोंड उघडंच होतं. मी म्हटलं ना, ते कायमचं उघडं आहे. जगात त्या घटकेला एकट्या मलाच ठाऊक होतं की हा माणूस बरोबर आहे, आणि माझ्या चेहऱ्यावर त्याचाच चेहरा होता, आणि माझ्या पोटावरची अक्षरं त्याच्याविरुद्ध साक्ष देत होती.

बाजींनी फोन पालथा ठेवला. काळोख झाला. त्यातून त्यांचा आवाज आला.

"मंग मी इसरलो."

त्यानंतर ते स्वतःच स्वतःला कमी करायला लागले. खेळ उघडा असला की माझ्या कानावर यायचं. "तुके, मी जेवलो का गं?" जेवलेले असायचे, आणि त्यांना ठाऊकही असायचं. पण आता ते स्वतःला विश्वासात घेत नव्हते. कुणी म्हणालं ऊन आहे, तर ऊन. कुणी म्हणालं आज सोमवार, तर सोमवार. शेरडं द्यायची ठरली. सिद्धनाथनं नांद्याच्या पाहुण्यांशी बोलणं केलं. बाजी म्हणाले, "तुमी म्हनाल तसं." शेरडांमागं जाणं हेच तर त्यांचं उरलं होतं. तेही त्यांनी असं देऊन टाकलं, आणि कशामुळं, तर माझ्यामुळं.

मित्रांनो, मला पुन्हा दोन करा असं मी म्हणत नाही. खेळ चालवायचा तर बदल होणार. जुनं कार्ड कायम वरचढ राहत नाही, हे मलाही कळतं. पण ज्याचं कमी करता त्याला तेवढं सांगा हो. तोंडावर सांगा. न सांगता केलं, की तो आधी स्वतःलाच चोर समजतो.

पाहुणे सोमवारी यायचे होते. आदला दिवस रविवारचा; सृष्टीची परीक्षा संपलेली होती. ओसरीवर तुकाबाई पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. सिद्धनाथ शेरडांची दावी सोडवून गुंडाळत होता. बाजी घोंगडीवर आडवे होते, हृतिक त्यांच्या पायाशी बसला होता. दीपमाला डबा परत द्यायला आली होती आणि पायरीवरूनच परतायच्या बेतात होती. सृष्टीनं खेळ उघडला.

"आबा, या की. एक डाव."

"नगं मला. माज्या काय ध्यानात ऱ्हात न्हाई."

"मी खेळते, तुमी बघा." तिनं मला उतरवलं. एक मेंढी वर आली. सृष्टी थांबली. तिनं मला बोटानं दाबून मोठं केलं आणि वाचलं. "अगं बाई! एकच? दोन होत्या की!"

दावं गुंडाळणारे हात थांबले.

"दीदी," सृष्टी पायरीकडे वळली. "दोन होत्या ना?"

दीपमालानं डबा कठड्यावर ठेवला. तो परत उचलला. परत ठेवला.

"दोनच होत्या," ती म्हणाली. "आबा, तुमचं बरोबर आहे. तुम्हीच मला सांगितलं होतं, एकीच्या मागं दुसरी जाते म्हणून. मागल्या महिन्यात आम्ही ते बदललं. जुनी कार्डं फार जिंकत होती, नवी कुणी घेईना. मला ठाऊक होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही."

बाजी उठून बसले. त्यांनी सृष्टीच्या हातातून फोन घेतला आणि मला डोळ्यांजवळ धरलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो, भुवईतल्या त्याच खाचेसकट. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते.

"व्हत्या की मंग," ते म्हणाले. "दोनच व्हत्या."

"आबा, चुकलं आमचं," हृतिक पुटपुटला.

पण बाजींचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी मला मांडीवर ठेवलं. तिथून मला सगळ्यांचे चेहरे दिसत होते, आणि एकाएकाला तेही बघत होते.

"कारड ह्या पोरीनं बदललं," ते म्हणाले. "आन बाकीचं? लाख्याला मी हाका मारतुया, तवा तुमी मान फिरवताय. चपला दुसऱ्याच्या घालून आलो. नांद्याच्या वाटंला उभा ऱ्हायलो. ते कुनी बदललं?"

"रस्तं लई बदललंत, आबा..." सिद्धनाथनं सुरुवात केली.

"रस्त्याचं न्हाई इचारत, सिद्धा."

सृष्टी ओढणीचं टोक पिळत राहिली. गोठ्यात एक शेरडू ओरडलं आणि कुणी तिकडे पाहिलं नाही. मला वाटलं, आता परत काळोख होणार. आता कुणीतरी उनाचं काढणार.

तुकाबाईंनी हातातली शेंग न सोलता सुपात ठेवली.

"कुनी न्हाई बदललं," त्या म्हणाल्या. "तुमी इसराय लागलाय. लई दिस झालं. सिद्धा, ती दावी हाय तितं बांध. उद्यापास्नं शेरडांमागं मी बी जाते ह्यांच्या संगं."